बिबड्यांचं फडकं

आजारपणानंतर मायनं केलेली पहिली भाकरी एका कडेला करपली, दुसऱ्या कडेला कच्ची राहिली आणि तव्यावर पडताना मधेच दुमडली. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, ही राहू द्या, गाईला घालू. दुसरी टाका." मायनं मान हलवली. ती भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली, शेजारी शेंगदाण्याची चटणी, चटणीवर तेलाची धार, आणि डाव्या हातानं एकेक तुकडा मोडत शेवटच्या करपलेल्या कडेपर्यंत खाल्ली. अर्धा तास लागला. आम्ही सगळे स्वयंपाकघरात काहीबाही करत थांबलो होतो. कोणी बोललं नाही.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला. तीन वर्षांपूर्वी माघात, पहाटे चहाचं आधण ठेवताना मायच्या हातातून पातेलं सुटलं. आधी वाटलं, हात भाजला. मग तिचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, हे आम्हाला धुळ्याला पोचल्यावर कळलं. तोवर 'थोडं पडू द्या, बरं वाटेल' यात सकाळ निघून गेली होती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आजही आमच्याकडे लकवा म्हटलं की आधी मालिश आणि झाडपाला सुचतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघायचं आणि गाडी काढायची. बाकी सगळं नंतर.

बोलणं महिन्याभरात परत आलं. पाय काठीच्या आधारानं हळूहळू आला. उजवा हात मात्र आला नाही. बोटं आत वळली, मूठ घट्ट मिटली. रोज ती मूठ उघडून तळवा पुसायचा, मग ती आपोआप पुन्हा मिटायची. या मुठीत कधीकाळी एका वेळी दोन घरांच्या भाकऱ्यांचं पीठ मावायचं.

पहिले दोन महिने आम्ही तिला भरवलं. सुरुवातीला गिळायलाही त्रास होता. पाणी प्यायली की ठसका लागायचा. म्हणून ताठ बसवून, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगून, छोटे छोटे घास द्यायचे आणि पाणी थोडं दाट करून पाजायचं, असं तपासणी करून आम्हाला शिकवलं होतं. मऊ वरणभात, कण्या, दुधात कुस्करलेली पोळी. आम्ही प्रेमानं भरवत होतो, यात शंका नाही. पण भरवताना एक गोष्ट मला दर वेळी टोचायची. घास कधी घ्यायचा, हे आम्ही ठरवत होतो. भात घ्यायचा की वरण, मधे पाणी हवं की नको, आता पुरे का, सगळं आमच्या चमच्यावर. ती तोंड उघडायची, मिटायची. आयुष्यभर जिनं सगळ्यांना वाढलं, तिनं एकदाही 'हे नको, ते दे' म्हटलं नाही. एकदाच, रात्री झोपताना म्हणाली, "आते मी काय कामनी?" म्हणजे, आता मी काय कामाची?

मग एके दिवशी वहिनीनं भरवलेला वरणाचा घास तोंडात घोळवून ती म्हणाली, "मीठ कमी शे." वहिनीनं चमचा तसाच ठेवून मला जळगावला फोन लावला. आम्ही दोघी फोनवर रडलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा माय जेवणाबद्दल काही बोलली होती.

तरी स्वतःच्या हातानं जेवायला ती तयार नव्हती. डावा हात चांगला होता, चमचा धरता येत होता. पण डाव्या हातानं जेवायचं? ज्या हातानं शौचाचं पाणी घेतो, त्या हातानं अन्नाला शिवायचं? उजवा गेल्यावर ते कामही आता डाव्यालाच करावं लागत होतं. हे बोलायला अवघड आहे, म्हणून कुठे लिहिलेलं सापडत नाही. पण आपल्याकडच्या कितीतरी घरांत उजवा हात गेलेलं माणूस भरवून घेतं ते याच कारणानं. माझ्या भावानं संडासात पाण्याची फवारणी बसवली, बेसिन तिच्या खुर्चीच्या उंचीला आणलं, साबणाची बाटली दाबायची ठेवली. ती तीनतीनदा हात धुवायची, नखं दर दोन दिवसांनी कापून घ्यायची. तरी ताटाजवळ हात नेला की थबकायची.

तिथे आम्हाला धुळ्याच्या दवाखान्यातली एक तरुण मुलगी भेटली. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. फिजिओथेरपी आता गावोगावी माहीत झाली आहे, हे नाव मात्र अजून रुळलेलं नाही. फिजिओ स्नायू हलवायला शिकवतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या स्नायूंनी अंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक कसा करायचा ते शिकवतो. आशियातली या विषयाची पहिली शाळा आपल्या मुंबईत, केईएम रुग्णालयात 1950 साली सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्मानं अमेरिकन, लग्नानं महाराष्ट्राच्या. इतकी जुनी विद्या आपल्या राज्यात असून आम्हाला तिचं नाव लकवा झाल्यावर कळलं.

त्या मुलीनं मायला विचारलं, "आजी, घरी गेल्यावर सगळ्यात आधी काय करावंसं वाटतं?" तोवर डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी 'काय होतंय' विचारलं होतं. काय करावंसं वाटतं, हे कोणीच नाही. माय म्हणाली, "भाकर." ती मुलगी हसली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "मग भाकरीपर्यंत जाऊ. आधी जेवणापासून सुरू करू."

जेवणासाठी तिनं तीन वस्तू दिल्या. जाड मुठीचा, मान वाकवलेला चमचा. एका बाजूला उंच कड असलेली ताटली, म्हणजे चमचा त्या कडेला टेकवला की घास आपोआप चमच्यात चढतो, दुसऱ्या हातानं ढकलावा लागत नाही. आणि ताटली सरकू नये म्हणून खाली अंथरायला रबरी तुकडा. मायनं चमचा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. आणि तिची अडचण सुटली, पण आम्ही समजत होतो त्या कारणानं नाही. चमच्याची मूठ जाड होती, पकड चांगली होती, हे खरं. तिच्या लेखी मोठी गोष्ट ही होती, की चमचा मधे आल्यामुळे डाव्या हाताचा अन्नाला स्पर्श होत नव्हता. त्या संध्याकाळी मी भरवायला बसले तर म्हणाली, "राहू दे, मी खास." म्हणजे, मी खाते.

चमच्यानं सुरुवात झाली, आणि पुढे महिन्याभरात चमचा बाजूला पडला. भाकरी काही चमच्यानं मोडत नाही. तिचा तिनंच मनाशी काय निवाडा केला कोण जाणे, पण एक दिवस हात धुऊन तिनं डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, पातोड्यांच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शात बुडवला आणि खाल्ला. ताटलीची उंच कड तेव्हाही कामाला आली; एका हातानं भाकरी मोडताना ती त्या कडेला दाबून धरायची.

आता स्वयंपाक. इथे मला जरा सावकाश लिहायचं आहे, कारण एक हात नसणं म्हणजे नेमकं काय, हे मला ओट्यापाशी उभं राहूनच कळलं. शेगडी पेटवायची तर एका हातानं बटण दाबून फिरवायचं आणि दुसऱ्या हातानं लायटर मारायचा. एकच हात असेल तर बटण सोडून लायटर घेईपर्यंत गॅस सुटत राहतो. मी आयुष्यभर दिवसातून दहादा हे केलं, कधी लक्षात आलं नाही. मग बटण फिरवताच पेटणारी शेगडी आणली. डबा उघडायचा तर एका हातानं धरायचा, दुसऱ्यानं झाकण. तिचे पितळी डबे गेले, वरून उचलायच्या हलक्या झाकणांचे आले. कांदा सोलायचा, चिरायचा तर तो धरणार कोण? त्यासाठी थेरपिस्टनं खिळ्यांची पाटी दाखवली: लाकडी पाटीतून खालून वर काढलेले तीन स्टीलचे खिळे, त्यांवर कांदा, बटाटा, काकडी टोचायची, की ती हलत नाही. गावच्या सुतारानं अर्ध्या दिवसात तशी पाटी करून दिली.

पुढच्या हिवाळ्यात या पाटीनं जे काम केलं ते तिच्या मूळ कारागिराच्या स्वप्नातही आलं नसेल. भरिताचं वांगं तुरीच्या काड्यांवर भाजून काळं झालं, की त्याचं साल काढायला एका हातानं देठ धरावं लागतं. मायनं भाजलेल्या वांग्याचं देठ खिळ्यात टोचलं आणि वरून खाली साल ओढत नेलं. आतला हिरवट-पांढरा गर वाफेसकट मोकळा झाला. मग बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं खोलगट भांडं. ती लाकडाची, जड, हलत नाही. डाव्या हातानं तिनं वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण ठेचले. वर कांद्याची पात, तेलात तळलेले शेंगदाणे. त्या दिवशी शेजारच्या घरी वाटीभर भरीत गेलं आणि शेजारच्या काकूंनी वाटी रिकामी परत न करता तिच्यात गूळ घालून पाठवला. माय पुन्हा देवाणघेवाणीत आली.

विळीचं मात्र मला खरंच नवल वाटलं. सुरीनं चिरायला दोन हात लागतात, एक भाजी धरायला, एक सुरी चालवायला. विळीचं पातं जागेवर असतं, फिरते ती भाजी. भेंडी, गवार, दोडका विळीवर एका हातानंही चिरता येतो. परदेशात एका हाताच्या माणसांसाठी अर्धगोल पात्याची सुरी मिळते, डावीकडे-उजवीकडे झुलवली की काप पडतात. चांगली असते, आम्हीही आणली होती. पण मायचा जीव विळीत. तिला जमिनीवर मांडी घालता येत नव्हती, म्हणून भावानं विळीचा पाट एका बुटक्या टेबलाला स्क्रूनं घट्ट बसवला. अट एकच: उजव्या हाताला लागलेलं नीट कळत नाही, म्हणून चिरताना तो हात मांडीवर आणि वर रुमाल. ती अट तिनं आजवर मोडलेली नाही.

पीठ मळायला परात स्थिर हवी. थेरपिस्टनं दिलेला रबरी तुकडा परातीखाली घातला तर मायनं तो काढून टाकला आणि माळ्यावरून तिची जुनी चुंबळ मागवली. डोक्यावर हंडा ठेवायला कापडाची वळलेली चुंबळ. ती पाण्यात भिजवून पिळली, परातीखाली ठेवली, परात दाबून बसवली. तसूभर हलली नाही. मी त्या रबराकडे आणि चुंबळीकडे आळीपाळीनं पाहत राहिले. दोन्हींचं काम एकच. एक वस्तू बाहेरून तयार होऊन आली, एक आपल्या डोक्यावर शंभर वर्षं होती, आणि तिला कोणी साधन म्हटलं नाही.

भाकरी थापायला एक हात पुरतो. खरी अडचण थापलेली भाकरी उचलण्यात आहे. तिला दोन्ही तळहात लागतात. एका हातानं उचलली की ती मधे फाटते. आठवडाभर माय रोज दुपारी एक गोळा थापायची, उचलायला जायची, फाटली की पुन्हा मळायची. आम्ही 'तू थाप, आम्ही टाकतो' म्हणून पाहिलं. तिला ते नको होतं. मग एका दुपारी तिनं वहिनीला ट्रंकेतलं बिबड्यांचं फडकं काढायला सांगितलं.

ज्यांना बिबडे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: उन्हाळ्यात ज्वारी भिजवून, दळून, शिजवून तिचं गरम पीठ ओल्या फडक्यावर थापतात आणि फडक्यासकट उचलून खाटेवर पालथं घालतात. फडकं सोलून घेतलं की बिबडा खाली राहतो. मायनं परातीत ओलं फडकं अंथरलं, वर दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, पिठाचा गोळा ठेवला, थापला. मग फडक्याचं एक टोक उजव्या कोपरानं अंगाशी दाबून धरलं, दुसरं डाव्या हातात घेतलं आणि सगळं तव्यावर पालथं केलं. पहिल्यांदा दुमडली. ती हीच भाकरी, जिची घडी झाली आणि जी तिनं गाईला घालू दिली नाही. चौथ्या दिवशी गोल पडली. फडकं ओलं आणि तवा तापलेला, म्हणून हात झटकन काढावा लागतो. एकदा कोपराला चटका बसला, तिथे अजून डाग आहे. थेरपिस्टनं पुढच्या खेपेला हे पाहिलं आणि मोबाइलवर चित्रण करून घेतलं. म्हणाली, "आजी, हे आता मी दुसऱ्यांना शिकवणार."

उलथनं निसटायचं, म्हणून भावानं त्याच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवलं. नंतर मी वाचलं, की अमेरिकेत सॅम फार्बर नावाच्या व्यावसायिकानं संधिवात झालेल्या आपल्या बायकोला सोलाणं धरताना त्रास होतो हे पाहून जाड, मऊ रबरी मुठीची स्वयंपाकाची हत्यारं बनवली आणि 1990 मध्ये बाजारात आणली. ती ऑक्सो नावानं जगभर गेली, आणि ज्यांच्या हाताला काहीही झालेलं नाही तेही ती आवडीनं वापरतात. हे वाचून मला बरं वाटलं. वाकलेल्या बोटांसाठी केलेली मूठ सगळ्यांच्याच हाताला बरी लागते. आमच्याकडेही वहिनी आता सायकलवालं उलथनंच घेते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2022 च्या अहवालात म्हटलं आहे, की जगात 250 कोटींहून अधिक लोकांना कुठल्या ना कुठल्या साहाय्यक साधनाची गरज आहे आणि 2050 पर्यंत ही संख्या 350 कोटींवर जाईल. भारतात 2011 च्या जनगणनेत 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले. 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. कायदा चांगला आहे. सरकारी योजनाही आहेत. 1981 पासून केंद्राची साधनं देणारी योजना चालू आहे, 2017 पासून गरीब वृद्धांसाठी वयोश्री योजना आहे. काठी, कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी. चालणं, ऐकणं, पाहणं, चावणं या सगळ्याचा विचार त्यात आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण चावायला कवळी देणाऱ्यानं, ते अन्न शिजवणाऱ्या हाताचाही विचार करावा असं मला वाटतं. खिळ्यांची पाटी, उंच कडेची ताटली, जाड मुठीचा चमचा, यांना मिळून एका चाकाच्या खुर्चीइतकाही खर्च येत नाही. आम्हाला एका शिबिरात खुर्ची मिळाली. कोणी घर पाहिलं नव्हतं, दाराचं माप घेतलं नव्हतं. ती आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आत जात नाही. ओटीवर उभी आहे, तिच्यावर गहू वाळत असतात.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. बाई गेल्यापासून एकटे असतात आणि स्वतःचा चहा, खिचडी, वरण स्वतः करतात. माय घरी आल्यावर ते भेटायला आले आणि दोघांचं स्वयंपाकावरच बोलणं सुरू झालं. सर म्हणाले, कुकरची शिट्टी ही डोळस माणसांनी स्वतःसाठी केली, पण फायदा माझा झाला. तीन शिट्ट्या मोजल्या की डाळ. दुधासाठी त्यांच्याकडे शिट्टीचा, दुहेरी भिंतीचा कुकर आहे, त्यात दूध उतू जात नाही. मोहरी तडतडायची थांबली की फोडणीत पुढचं टाकायचं. हिंगाचा वास बदलतो तेव्हा तेल जास्त तापलंय. कपात चहा ओतायला मुलानं एक छोटं यंत्र आणून दिलंय. त्याच्या दोन तारा कपाच्या काठावरून आत लोंबतात आणि चहा तिथवर आला की ते वाजतं. त्याआधी सर बोट बुडवून पाहायचे, बोटाचं टोक कायम लाल. पाकिटावरची तारीख फोनचा कॅमेरा वाचून दाखवतो. हळद आणि तिखट मात्र ते फोनला विचारत नाहीत. डबा नाकाशी नेतात.

त्यांची तक्रार नव्या शेगड्यांवर होती. मुलानं विजेची शेगडी घेतली, वर सपाट काच, बटण कुठेच नाही. बोट टेकवलं की काहीतरी चालू होतं, काय ते कळत नाही. शेवटी सुनेनं त्या काचेवर कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या: चालू-बंदला एक, वाढवायला दोन, कमी करायला आडवी लांब टिकली. मखमलीच्या टिकल्या बोटाला लगेच लागतात. दर महिन्याला बदलाव्या लागतात एवढंच. एक पाकीट दहा रुपयांना. कारखान्यातच त्या काचेवर चार उंचवटे दिले असते तर किती लोकांचा स्वयंपाक परत मिळाला असता, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मी कधी विसरणार नाही. अंध माणसाला ताट समजावून सांगायला घड्याळाची रीत शिकवतात: बाराला भात, तीनला भाजी. सर म्हणाले, आपल्याला ती रीत कशाला हवी? आपलं ताटच तसं आहे. मधोमध वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. पंगतीत बसलो की मला सगळं सापडायचं. शेजारचा वाढप्याला हाक मारायचा. आता लग्नात हातात ताटली घेऊन उभं राहायचं, रांगेत चालायचं, कोणत्या भांड्यात काय ते विचारायचं, एका हातात ताटली धरून दुसऱ्यानं खायचं. "म्हणून मी लग्नाला जातो, अक्षता टाकतो आणि घरी येऊन खिचडी लावतो."

माय ऐकत होती. तिला एका हातानं ताटली धरून दुसऱ्यानं खाणं शक्यच नव्हतं. माझ्या मामांना कंपवात आहे. त्यांचाही हात त्या रांगेत इतका थरथरतो, की रस्सा शेजाऱ्याच्या सदऱ्यावर सांडतो. म्हणून मामा गेली पाच वर्षं कुठल्या कार्यात जेवलेले नाहीत. त्यांच्यासाठी मी शोधाशोध केली. अनुपम पाठक नावाच्या अभियंत्यानं थरथरणाऱ्या हातांसाठी एक चमचा केला आहे, लिफ्टवेअर नावाचा. हात हलला की त्यातली यंत्रणा ते ओळखते आणि चमच्याचं टोक उलट दिशेला हलवून स्थिर ठेवते. 2014 मध्ये गूगलनं ती कंपनी विकत घेतली. विलक्षण वस्तू आहे. पण मामांना आणि वरण-बट्टीला ती पुरत नाही. बट्टी हातानं कुस्करायची, वर तूप, वर वरण. मामांना उपयोग झाला तो जड पितळी वाटीचा आणि टेबलावर कोपर टेकवण्याचा. सगळ्यांना जड भांड्याचा उपयोग होतोच असं नाही, त्यांना झाला. आणि भाच्याच्या लग्नात आम्ही हट्टानं एका बाजूला पाटांची आणि टेबलांची एक पंगत ठेवली. आधी मंडपवाला कुरकुरला. त्या पंगतीत माय, मामा, सर आणि गावातले पंधरा-वीस म्हातारे जेवले. मामांनी दोन बट्ट्या घेतल्या.

सगळंच परत येतं असं मात्र नाही. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, भावकी जमते, रोट होतात. त्या दिवसांत माय खापरावर मांडे करायची. पुरण भरलेली पोळी दोन्ही तळहातांवर घेऊन, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत फिरवत मोठी करायची आणि उपड्या खापरावर अलगद सोडायची. चार गावांत तिच्यासारखे मांडे होत नव्हते. त्याला दोन हात लागतात, दोन्ही जिवंत. कुठलंही फडकं, पाटी, मूठ तिथे चालत नाही. पहिल्या वर्षी ती खापराकडे पाठ करून बसली. नैवेद्याला तिनं हात लावला नाही, कारण तो डावा होता, आणि कोणी तिला लाव म्हटलंही नाही. ते माझ्या मनाला लागून राहिलं. दुसऱ्या वर्षी लाल भोपळा चिरायला कोणी नव्हतं. तिनं विळीचं टेबल ओढून घेतलं आणि भोपळा चिरला. ती भाजी नैवेद्यात गेली. घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी पाहिलं. त्यांतल्या सगळ्यात मोठीनं तिला म्हटलं, फोडी जरा बारीक कर.

गेल्या महिन्यात घरी गेले तर मायचा आवाज अंगणातून ऐकू येत होता. वहिनीनं चुकून ते फडकं ओटा पुसायला घेतलं होतं. माय रागावली होती, चांगली मोठ्यानं, आणि वहिनीही उलट बोलत होती. मी आत गेल्यावर दोघी गप्प झाल्या. मग मायनं कमरेच्या पिशवीतून पैसे काढले आणि मला अमळनेरच्या बाजारातून दोन मीटर मांजरपाट आणायला सांगितलं. आणला. धुतला. तिनं तवा मागवला, कापडावर पालथा ठेवला, भोवतीनं एक वीत जास्त सोडून खडूनं खूण केली आणि मला कात्री दिली.

चार फडकी निघत होती. मी विचारलं, इतकी कशाला? एक आपलं, म्हणाली. एक सांभाळून ठेवायचं. एक त्या धुळ्याच्या पोरीला. आणि एक पारोळ्याच्या आत्याला. आत्याला दीड महिन्यापूर्वी लकवा झाला, अजून तिला भरवतात.

"आत्याला जमेल का?" मी विचारलं.

मायनं कापडाची कड दातात धरून दोरा तोडला.

"तिना डावा गया," ती म्हणाली, "तिले सोपं जाई."